जानेवारीत वाहणारा नाला

अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात संत्र्याला ताण द्यावा लागतो. महिना-दीड महिना पाणी बंद. पानं मलूल होतात, मग ताण तोडायचा आणि झाड फुलावर येतं. बागायतदाराचा हा काळ जिवाला घोर लावणारा असतो, आम्हा भूजलवाल्यांसाठी मात्र पर्वणी. कारण मोटारी बंद असतात आणि विहिरीचं पाणी जिथे असायला हवं तिथेच असतं. बाकी वर्षभर आम्ही जी पातळी मोजतो ती निम्मी भूजलाची असते आणि निम्मी महावितरणच्या वेळापत्रकाची. शेतीची लाइन या आठवड्यात रात्री होती की दिवसा, मोटर किती वाजता बंद केली, शेजारच्याची चालू आहे का, हे विचारल्याशिवाय टेप सोडण्यात अर्थ नसतो. टेपच्या टोकाला खडू फासायचा, सोडायचा, ओला डाग वाचायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची. पारवे अंगावर येतात तेवढं सांभाळायचं. काम एवढंच. तरीही टेबलावर बसून मागच्या वर्षीच्या आकड्यात थोडा फेरफार करून पातळी ‘मोजणारे’ आमच्यात आहेत, आणि त्यांचे तक्ते माझ्यापेक्षा नेहमी सुबक असतात.

मी एका संस्थेत काम करते. तालुक्याच्या समितीला जलसंधारणाच्या कामांवर तांत्रिक अभिप्राय देणं हा त्यातला एक भाग. 2014 च्या डिसेंबरात राज्य सरकारची जलयुक्त शिवार योजना आली, तेव्हापासून ‘खोलीकरण’ हा शब्द इथल्या लहान पोरांनाही पाठ आहे. गावात पोकलेन आला की बघायला जत्रा भरते. पाझर कुठे आहे हे विचारायला कोणी थांबत नाही.

ज्या गावाची ही गोष्ट, तिथला नाला आदल्या उन्हाळ्यात रुंद आणि खोल झाला होता, खालच्या अंगाला सिमेंट बांध. पूर्वी दिवाळीनंतर कोरडा पडणारा नाला जानेवारीत बांधावरून धारेनं वाहत होता. जलपूजन होऊन गेलं होतं, फोटो जिल्ह्यापर्यंत पोचले होते. दुसऱ्या टप्प्यात वरच्या बाजूला आणखी खोदायचा प्रस्ताव होता आणि मला अभिप्राय द्यायचा होता.

नाल्याच्या दोन्ही काठांना नुसत्या संत्र्याच्या बागा. गहू नाही, हरभरा नाही. सगळ्या ताणावर. पहिल्याच विहिरीवर एक काकाजी हातात पाटी घेऊन बसलेले. पोरांच्या शाळेतली जुनी पाटी. त्यावर त्यांनी ताण दिल्यापासून विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या त्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या.

“मॅडम, तान देल्लापासून मोटरीले हात नाई लावला. बाजूच्यानंबी नाई लावला. मंग पानी उतरलं कसं?”

“दरवर्षी उतरतं ना, काकाजी?”

“उतरते ना. पन इतलं नाई. फेब्रुवारीलोक ह्या टप्प्याले हात नसे लागत.” त्यांनी काठीनं दगडाचा एक टप्पा दाखवला. त्याच्याखाली निदान पाच हात ओल होती आणि त्याच्याही खाली पाणी.

विहीर उतरण्याचं कारण विचारलं की समितीचं उत्तर ठरलेलं असतं: उपसा. इथे उपसाच नव्हता. असा योग माझ्या कामात क्वचितच येतो. निसर्गानं आणि संत्र्यानं मिळून प्रयोग मांडून ठेवला होता, वाचायचं काम फक्त आपलं.

ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावली. काकाजींचा नातू मोजपट्टी धरायला. नाल्यातल्या पाण्याची पातळी, काठच्या विहिरी, मग त्यामागच्या. काठच्या विहिरीतलं पाणी नाल्यातल्या पाण्याहून हातभर उंच. मागच्या विहिरीतलं त्याहून उंच. दुसऱ्या काठालाही तेच. म्हणजे उतार दोन्हीकडून नाल्याकडे. नाला विहिरींना पाणी देत नव्हता, विहिरीच नाल्याला पाणी देत होत्या. तरी खात्री म्हणून नाल्यात ईसी मीटर बुडवला, पाण्यातले क्षार दाखवणारा. पावसाचं वाहून आलेलं पाणी असतं तर क्षार कमी दाखवले असते. मीटरनं विहिरींच्या जवळपासचाच आकडा दाखवला.

मग खाली नाल्यात उतरले. कापलेल्या काठात वर हातभर काळी माती, खाली पिवळट मुरूम आणि तळाशी काळा कठीण बेसाल्ट. मुरूम आणि खडक जिथे भेटतात तिथे, काठाच्या लांबीभर, ओली रेघ. बोट लावलं की बोटाभोवतून पाणी यायचं. थेंब थेंब नाही, सलग. तिथे शेवाळही धरलं होतं, म्हणजे हा पाझर आजकालचा नव्हता.

आमच्या दगडात पाणी राहतं ते या मुरमात आणि सच्छिद्र थरांत. राहतं म्हणजे किती? भूजल अंदाजात झिजलेल्या बेसाल्टसाठी थराच्या आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात. विहिरीत पाणी एक मीटर उतरलं म्हणजे शिवारातून अवघं दोन सेंटिमीटर पाणी गेलं. एवढ्या कंजूष दगडात पाणीपातळीच्या खाली चर खणला की तो पाणी जिरवत नाही, काढून घेतो. भिजलेल्या पोत्याला तळाशी चीर द्यावी तसं. आणि हे काढून घेतलेलं पाणी बांधावरून वाहताना फार सुंदर दिसतं.

“मंग बोअर मारू का?” काकाजींनी विचारलं. इथे सगळी चर्चा शेवटी इथेच येते. 2009 च्या भूजल कायद्यानं अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल जायला मनाई करायची सोय केली. वरुडच्या शिवारात बोअर 800-1000 फुटांवर गेले आहेत. कायदा कागदावर आणि बोअरची गाडी बांधावर. मी “थांबा थोडं” म्हणाले. त्यांना ते पटलं असं दिसलं नाही.

समितीची बैठक झाली. मी पातळ्यांचा छेद काढून नेला होता, दोन्ही बाजूंनी नाल्याकडे उतरणारी रेघ. साहेबांनी तो सभ्यपणे पाहिला.

“मॅडम, छान आहे. पण पाणीपातळी वाढली की घटली? फॉर्मात एकच रकाना आहे.”

त्या रकान्यात वाढच भरलेली होती, आणि ती खोटी नव्हती. गावात निरीक्षण विहीर एकच, सिमेंट बांधाच्या खालच्या अंगाला. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे, चारही वेळा तीच मोजली जाते. तिथे पाणी खरोखर वर आलं होतं. वरच्या बागांचं पाणी तिला मिळत होतं. खालच्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं हेही खरं. पण गावाच्या वतीनं कोणती विहीर बोलणार, हे ज्यानं ठरवलं त्यानंच गावाचा निकाल लिहून ठेवला. शास्त्र आणि धोरण यांची सांगड घालायची अशी वाक्यं मी कित्येक कार्यशाळांत ऐकली आहेत, जेवणासकट. ती सांगड प्रत्यक्षात अशा एका रकान्यात घातली जाते, आणि तो रकाना कोणी आखला हे कोणालाच माहीत नसतं.

सरपंच भाऊ उठले. “मॅडम, जानेवारीत नाला वाहताना आजलोक कोनी पाह्यला होता का? तुमचं शास्त्र रायू द्या.” टाळ्या पडल्या. मलाही त्यांचा राग आला नाही. डोळ्यांसमोर वाहणारं पाणी आणि माझी पेन्सिलची रेघ, यात माणूस काय निवडेल हे उघड आहे. काकाजी पाटी घेऊन आले होते, मागच्या रांगेत. त्यांना बोलायला कोणी सांगितलं नाही. मी सांगितलं, तर ते म्हणाले, “माह्यी विहीर उतरली एवढंच मले समजते,” आणि बसले. साठवण क्षमता किती टीसीएम, म्हणजे हजार घनमीटर, वाढेल याचा तक्ता वाचून दाखवला गेला. लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. खड्ड्यात येणारं पाणी कोणाचं, हा प्रश्न त्या गुणाकारात बसत नाही.

दुसरा टप्पा मंजूर झाला.

आणि तरीही तो झाला नाही. पोकलेन आला, वर थोडं खोदलं आणि काळा दगड लागला. दातांना दाद देईना. खडक फोडणारा ब्रेकर लावावा लागणार होता. अंदाजपत्रक मुरमाचं होतं, कठीण खडकाचा दर त्याच्या कितीतरी वर. शाखा अभियंता तरुण आणि हुशार आहे, मला तो आवडतो. त्यानं लेखापरीक्षणाचा विचार करून फाइलवर लिहिलं: “कठीण खडक लागल्याने काम थांबविण्यात येत आहे.” संपलं. काकाजींच्या बाजूची विहीर जेवढी वाचायची तेवढी त्या ओळीनं वाचली. माझा छेद परिशिष्टात आहे, कोणी उघडला असेल असं वाटत नाही.

मित्र म्हणतात, काम थांबलं ना, मग झालं. मला ते पचत नाही. बरोबर निर्णय चुकीच्या कारणानं झाला की पुढच्या गावाला उपयोगी पडत नाही. फाइलीत कारण म्हणून खडक आहे. पाझराची ओली रेघ कुठेच नाही. उद्या नवा अभियंता ती वाचून एवढंच शिकेल की मऊ जागा निवडावी.

नाल्याच्या वरच्या गावाचा प्रस्ताव आता माझ्याकडे अभिप्रायासाठी आला आहे. फॉर्म तोच, रकाना तोच. तिथल्या विहिरींचे काप मी पाहून आले. पंचवीस फुटांपर्यंत नुसता मुरूम आहे, दोन्ही काठांना, आणि त्यात पाणी चांगलं आहे. तिथे ब्रेकर लागणार नाही.