मोकळ्या भुयारात भीती कसली?

‘ताई, तो जपानी गेम मी यूट्यूबवर बघितला. वीस मिनिटांत संपला की! त्यात घाबरण्यासारखं होतं तरी काय?’

हा प्रश्न मला आतापर्यंत इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट बसून उत्तर लिहायचं ठरवलं. विचारणाऱ्यांत माझा भाचा आहे, त्याच्या कॉलेजातली मुलं आहेत, आणि माझ्याबरोबर प्रुफं वाचणाऱ्या दोन मैत्रिणीही आहेत. मी मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासते, तेच माझं पोटापाण्याचं काम. रात्री वेळ मिळाला की भीतीचे गेम खेळते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. या गेमने तो दाखवून दिला.

गेमचं नाव ‘द एक्झिट ८’. जपानीत ‘हाचिबान देगुची’, म्हणजे आठ नंबरचं बाहेर पडायचं दार. ‘कोताके क्रिएट’ या नावाने काम करणाऱ्या एकट्या माणसाने तो बनवला आणि नोव्हेंबर २०२३मध्ये स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आणला. जपानात किंमत ४७० येन. खेळायला पंधरा मिनिटं ते तासभर लागेल, हे त्याने विक्रीच्या पानावर आधीच सांगून ठेवलंय. त्यामुळे ‘लवकर संपला’ म्हणणाऱ्यांना फसवलं गेलंय असं कुणी म्हणू शकत नाही.

तुम्ही एका भुयारी मार्गात उभे असता. पांढऱ्या टाइल्स, वर ट्यूबलाइटचा सपाट उजेड, डोक्यावर पिवळी पाटी, जमिनीवर अंधांना पायाला कळावी म्हणून बसवलेली उठावाची पिवळी पट्टी. (ही पट्टी मूळची जपानचीच. सेइइची मियाके यांनी १९६५मध्ये ती शोधून काढली आणि १९६७मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसवली गेली. आज आपल्याकडच्या मेट्रो स्टेशनांतही तिच्यावरून आपण रोज चालतो.) एका भिंतीवर जाहिरातींची पोस्टरं, दुसऱ्या भिंतीला बंद दारं. समोरून पांढऱ्या शर्टातला एक मध्यमवयीन माणूस येतो, एका हातात बॅग, दुसऱ्यात फोन. तुमच्याकडे न बघता निघून जातो. तुम्ही कोपऱ्यावर वळता आणि पुन्हा तेच भुयार. तीच पोस्टरं, तोच माणूस.

भिंतीवर नियम लावलेत. काहीही विपरीत नजरेतून निसटू देऊ नका. विपरीत दिसलं तर ताबडतोब मागे फिरा. विपरीत काही नसेल तर मागे फिरू नका. आठ नंबरच्या दाराने बाहेर पडा. बस, एवढंच. तुमचा निर्णय बरोबर ठरला की पाटीवरचा आकडा एकाने वाढतो, चुकला की पुन्हा शून्य. मागे फिरलात तरी, फिरणं योग्य असेल तर, आकडा पुढेच जातो.

‘विपरीत’साठी जपानीत ‘इहेन’ असा शब्द आहे. त्यातलं पहिलं अक्षर वेगळेपणाचं, दुसरं बदलाचं. म्हणजे भूत नाही, राक्षस नाही. कालच्यापेक्षा आज काहीतरी वेगळं आहे, एवढंच. दाराची मूठ कडेला असायची ती मधोमध बसलीय. पोस्टरमधल्या चेहऱ्याचे डोळे तुमच्या मागे मागे फिरतायत. धूम्रपान मनाईची पाटी एक होती, तिथे ढीगभर झाल्यात. छतावरचा डाग माणसाच्या तोंडासारखा दिसतोय. कधी तो येणारा माणूस नेहमीपेक्षा झपाझपा चालत येतो. कधी सगळे दिवे जातात.

खेळलेल्या लोकांची मतं मी बरीच वाचलीत आणि प्रत्यक्षही ऐकलीत. सगळ्यात जास्त ऐकू येणारं मत म्हणजे, ‘हा भीतीचा गेम नाहीच, लहान मुलांच्या मासिकातलं “दोन चित्रांतले फरक ओळखा” आहे.’ हे मत मला अगदी खोटं वाटत नाही. पण तिथे पानाच्या तळाशी लिहिलेलं असतं, ‘एकूण सात फरक.’ सातवा सापडेपर्यंत तुम्ही निर्धास्त शोधत बसता, कारण तो आहे याची हमी असते. या भुयारात ती हमी कुणी देत नाही. कदाचित एक फरक असेल, कदाचित एकही नसेल.

आणि भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं. व्हिडिओ बघताना कोपऱ्यावर वळायचं की मागे फिरायचं, हे दुसरा कुणीतरी ठरवतो. तुम्हाला दिसतात ती फक्त विपरीतं: लाल पाण्याचा लोंढा, अंधार, तो माणूस. ती बघून ‘यात काय घाबरायचं’ असं वाटणं साहजिक आहे. खरी भीती त्या फेऱ्यांत असते ज्यांत काहीच नसतं. व्हिडिओ बघणारे नेमक्या त्या फेऱ्या पुढे सरकवून टाळतात.

माझी पहिली रात्र सांगते. पाटीवर सहा आकडा होता. मी भुयारात शिरले. दारं बघितली, मुठी बघितल्या. पोस्टरं एकेक करून वाचली. तो माणूस आला, त्याचे बूट, त्याचा चेहरा, त्याची चाल बघितली. सगळं ठीक. छत बघितलं. ठीक. कोपऱ्याशी पोचले आणि पाय पुढे पडेना. परत मागे येऊन पुन्हा सगळं बघितलं. पुन्हा ठीक. हेडफोनमध्ये फक्त माझ्याच पावलांचा आवाज. चूक सापडत नव्हती, आणि त्याचीच भीती वाटत होती. शेवटी मनाचा हिय्या करून वळले. पाटीवर शून्य.

काय सुटलं होतं, हे गेम सांगत नाही. मला ते पुढे दोन दिवसांनी कळलं: पोस्टरं. चालता चालता ती हळूहळू मोठी होत जातात, भिंत भरून टाकण्याइतकी. मी त्यांतली अक्षरं तपासत होते, म्हणून चौकटीच मोठ्या झाल्यात हे दिसलंच नाही.

मुद्रित तपासणाऱ्याला ही गोष्ट माहीत असते. बारीक टाइपातला राहून गेलेला अनुस्वार आम्ही पकडतो, आणि छत्तीस पॉइंटातल्या शीर्षकातली चूक छापून येते. खूप वर्षांपूर्वी एका पुस्तकाचं तिसरं प्रूफ माझ्याकडे होतं. शेवटचा फॉर्म, सोळा पानं. एकही चूक सापडली नाही. मी ती पानं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचली, कारण कोऱ्या समासाचा मला विश्वास येईना. मग सही करून छपाईला सोडली. पुस्तक हातात आलं तेव्हा त्या फॉर्ममधल्या सगळ्या पानांवर, माथ्यावर, आधीच्या प्रकरणाचं नाव होतं. सोळाच्या सोळा पानांवर. मी मजकूर वाचत होते, माथा वाचत नव्हते. ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे आणि मी ते कुणाला वाचायला देत नाही.

म्हणून ‘काही नाही, पुढे जा’ हा निर्णय किती जड असतो, हे मला त्या भुयारात लगेच ओळखीचं वाटलं. चूक दाखवणं सोपं असतं, बोट ठेवायला जागा असते. ‘चूक नाही’ म्हणताना बोट कुठे ठेवणार?

दुसरी तक्रार गोष्ट नसल्याची. तो माणूस कोण, भुयार कुणाचं, आपण तिथे कसे आलो, काहीच कळत नाही. २०२५मध्ये गेन्की कावामुरा यांनी या गेमवर चित्रपट केला, कान महोत्सवात तो मध्यरात्रीच्या खेळांत दाखवला गेला. त्यात मात्र अडकलेल्या माणसाला आयुष्य आहे, काळजी आहे. सिनेमाला ते लागतंच, कारण खुर्चीत बसलेल्याला दुसऱ्या कुणासाठी तरी घाबरायचं असतं. गेममध्ये तुम्हाला चेहराही नाही, नावही नाही. अडकलेले तुम्हीच असता, आणि तुमची गोष्ट तुम्हाला ठाऊक असतेच.

काही आक्षेप मला पटतात. एकदा बाहेर पडलात की उरलेली विपरीतं शोधायला पुन्हा खेळायचं, तेव्हा भीती निघून जाते. मग ती यादी पुरी करण्याची मेहनत होते. आणि लाल पाण्याचा लोंढा येतो, माणूस अंगावर धावून येतो, असल्या विपरीतांची लोक फार स्तुती करतात, मला ती सगळ्यात कमी आवडतात. ती स्वतःच ओरडून सांगतात की मी विपरीत आहे. शोधायला काही उरतच नाही. मूठ मधोमध असलेलं दार मला त्या लोंढ्यापेक्षा कितीतरी भीतीदायक वाटतं.

पैशांबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर गेम परत करून पैसे मिळतात. हा गेम तर तासाभरात संपतो. म्हणजे पूर्ण खेळून, बाहेर पडून, आवडलाही असेल तरी पैसे परत घेता येतात. काही जण ते हुशारीने सांगतातही. मला याचं वाईट वाटतं. नियमात बसतं म्हणून ते योग्य होत नाही. एकट्या माणसाने एक भुयार इतकं नेमकं घडवलं की टाइल्सच्या रेघा लक्षात राहाव्यात. त्याची लांबी मिनिटांत मोजून त्याचं मोल ठरवायचं? जपानात छोट्या भयाच्या गेमची वाट जुनी आहे. ‘युमे निक्की’ २००४चा, ‘आओ ओनी’ २००८चा, दोन्ही हौशी लोकांनी आरपीजी त्सुकुरु या गेम बनवायच्या तयार साधनावर बनवून फुकट वाटलेले. तिथे भीतीला लांबी लागते असं कुणी मानलेलं नाही. या गेमनंतर तर तिकडे ‘हाचिबान लाईक’ असा प्रकारच रूढ झाला: एक ठरावीक जागा, पुन्हा पुन्हा फेऱ्या, आणि काय बदललंय ते ओळखायचं. त्यातले बरेचसे मी खेळून बघितले. बहुतेकांना विपरीत रंगवता येतं. रिकामी फेरी मात्र क्वचितच कुणाला जमते, कारण त्यासाठी आधी साधी जागा मन लावून साधी बांधावी लागते.

तर खेळायचा असेल तर व्हिडिओ बघू नका. हेडफोन लावा. पहिल्या फेरीत घाई करू नका, माणसाच्या मागेही थोडं चालून बघा.

मागच्या दिवाळीत आमच्या ओळखीचे एक जुळारी काका, म्हणजे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे, घरी आले होते. खिळ्यांच्या जमान्यापासून या धंद्यात आहेत, आता पंचाहत्तरीला आलेत. भाच्याने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. सवय नसल्यामुळे ते दोनदा भिंतीला जाऊन धडकले. दाराची मूठ त्यांनी लांबूनच ओळखली, ‘हा खिळा उलटा बसलाय’ म्हणाले आणि मागे फिरले. मग रिकामी फेरी आली. काका कोपऱ्याशी थांबले. आम्ही कुणी काही बोललो नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पोस्टरांपासून परत सुरुवात केली. चारेक मिनिटांनी माझ्याकडे वळून म्हणाले, ‘म्हणजे यात काही नाही असं सही करून द्यायचंय का, पोरी?’

मी हो म्हटलं. त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला आणि आधी चहा मागितला.