हौसेला मोल नाही म्हणतात, मग गुडघ्याचं काय

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैमध्ये, धाकटी बहीण आणि भाचा पुण्यात आले होते. ते राहतात आयर्लंडमध्ये, कॉर्कला, आणि तिकडच्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. भाचा दहा वर्षांचा. बॅगेतून त्याने पहिली कुठली गोष्ट काढली तर एक लाकडी काठी, हॉकी स्टिकसारखी पण खाली पसरट, साधारण भाताच्या पळीसारखी, आणि त्या पसरट भागाला कडेने पत्र्याची पट्टी ठोकलेली. हर्ली म्हणतात तिला, हर्लिंग नावाच्या खेळाची काठी. लाकूड ऍशचं. तिकडे या झाडांना रोग पडलाय म्हणून आता बांबूच्या आणि प्लॅस्टिकच्या हर्ली पण निघाल्यात, पण हा गडी सांगत होता की मला ऍशचीच पाहिजे, हातात वेगळी लागते. बॉलला श्लिटर म्हणतात, चामड्याचा, क्रिकेटच्या बॉलसारखाच पण हलका आणि शिवणी चांगल्या वर आलेल्या. पार्किंगमध्ये तो त्या पळीवर बॉल तोलत पळायचा आणि आमच्या सोसायटीतली सगळी पोरं तोंड उघडी टाकून बघत बसायची.

२० जुलैला रविवार होता, रात्री आठला हर्लिंगची ऑल आयर्लंड फायनल, कॉर्क विरुद्ध टिपरेरी. बाहेर धो धो पाऊस, आम्ही लॅपटॉप टीव्हीला जोडून बसलो, भाचा लाल जर्सी घालून. कॉर्कने शेवटची फायनल जिंकली ती २००५ साली, म्हणजे याच्या जन्माच्याही आधी. हाफटाइमला कॉर्क सहा पॉइंटांनी पुढे, हा सोफ्यावर उड्या मारतोय, बहिणीने पेढे पण आणून ठेवलेले. आणि दुसऱ्या हाफमध्ये काय झालं कोणालाच कळलं नाही, टिपरेरीने तीन गोल (एक गोल म्हणजे तीन पॉइंट) आणि चौदा पॉइंट मारले आणि कॉर्कला अख्ख्या हाफमध्ये फक्त दोन पॉइंट. दोन! पोरगं ढसाढसा रडलं. मला खेळ धड कळत नव्हता तरी माझ्याही घशात आलं, कारण असा हाफ मी स्वतः कबड्डीत भोगलाय.

त्याला जवळ घेऊन मी म्हटलं, अरे जाऊ दे, पुढच्या वर्षी जिंकतील, एवढे पैसे घेतात ते लोक. तर तो रडता रडता थांबला आणि म्हणाला, मावशी त्यांना कुठे पैसे मिळतात, ते तर कामावर जातात.

मला खरंच वाटलं पोराला काहीतरी चुकीचं माहितीये. ८२ हजार माणसं स्टेडियममध्ये, देशभर टीव्हीवर, आणि खेळणाऱ्यांना पगार नाही? बहीण म्हणाली, नाहीच मिळत. पेट्रोलचा खर्च मिळतो, कपडे-बूट मिळतात, सरकारकडून वर्षाला थोडं अनुदान मिळतं, बस. बाकी कोणी शाळेत शिकवतो, कोणी शेती करतो, कोणी बँकेत. त्यांचा दुसरा खेळ गेलिक फुटबॉल, आपल्याला माहीत असलेला सॉकर नव्हे, त्यातला आजचा सगळ्यात मोठा खेळाडू म्हणजे केरीचा डेव्हिड क्लिफर्ड, तो शाळेत शिक्षक आहे. डब्लिनचा जॅक मॅकॅफ्री २०१५ चा सर्वोत्तम फुटबॉलपटू, तो डॉक्टर.

त्या रात्रीपासून मला या खेळांचं वेडच लागलंय, आणि खरं सांगायचं तर वेड खेळाचं कमी आणि या एका प्रश्नाचं जास्त.

थोडं मागचं सांगते. या सगळ्याची संघटना जीएए, म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. १८८४ साली थर्ल्स नावाच्या गावात हेज हॉटेलमध्ये मूठभर माणसं जमली आणि मायकल क्युसॅक वगैरेंनी ती सुरू केली. राज्य इंग्रजांचं, आपले खेळ मरतायत, ते जपायचे, हा विचार. पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. १९१४ मध्ये आपल्या डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम लिहून काढले गेले त्यामागे पण हीच हवा होती. त्यांच्याकडे तर हे एवढं टोकाचं होतं की १९७१ पर्यंत जीएएच्या सभासदाला रग्बी, सॉकर, क्रिकेट असले खेळ खेळायला बंदी होती. आणि १९२० च्या नोव्हेंबरमध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर मॅच चालू असताना ब्रिटिश पोलीस-सैनिकांनी गोळीबार केला, १४ माणसं गेली, त्यात मायकल होगन नावाचा टिपरेरीचा खेळाडू. आज तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. म्हणून हौशी राहणं ही त्यांच्यासाठी नुसती पैशाची गोष्ट नाही. जिथले तुम्ही, त्या गावच्या क्लबकडून खेळायचं आणि त्या काउंटीकडून, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याकडून. लिलाव नाही, दरवर्षी टीम बदलणं नाही. क्लबमध्ये जो माणूस पोरांना शिकवतो तो पण फुकट, मैदानाचं गवत कापणारा पण फुकट. माझ्या भाच्याचा कोच इलेक्ट्रिशियन आहे, संध्याकाळी कामावरून थेट मैदानावर येतो. बहीण शनिवारी पाण्याच्या बाटल्या भरायला जाते. परक्या देशात तिची पहिली ओळख त्या मैदानावरच झाली, असं ती सांगते. फायनलच्या तिकिटाचा पैसा पण कोणा मालकाच्या खिशात जात नाही, मालकच नाही, तो क्लब, मैदानं, शाळा यांच्याकडे फिरतो.

हे सगळं मला मनापासून आवडलं. आमचं कबड्डीचं मंडळ पण असंच होतं.

पण मग मी वाचत गेले आणि एका आकड्यापाशी थांबले. २०१८ मध्ये तिकडच्या एका संशोधन संस्थेने काउंटीकडून खेळणाऱ्यांचा अभ्यास केला, त्यात आलं की काउंटीच्या खेळासाठी आठवड्याला ३१ तासांपर्यंत जातात. ३१ तास! म्हणजे नोकरी चाळीस तासांची आणि वर हे. यात प्रॅक्टिस आली, जिम आली, डबे करणं आलं आणि प्रवास तर विचारूच नका. नोकरी डब्लिनला आणि काउंटी डोनेगल, तर बुधवारी ऑफिस सुटल्यावर तीन-चार तास गाडी चालवत प्रॅक्टिसला जायचं आणि रात्री तसंच परत, सकाळी कामावर हजर. आपल्याकडे पुण्यात नोकरी करून संध्याकाळी सोलापूरला सरावाला जाण्यासारखं आहे हे. वीस-बावीस वर्षांच्या पोरांचं तर आणखी वाईट, कॉलेजची टीम, क्लबची टीम, काउंटीची वीस वर्षांखालची आणि चांगला असला तर मोठी पण, प्रत्येक कोचला तोच पोरगा पाहिजे आणि प्रत्येकाला वाटतं हा आपल्याकडेच ताजा यावा.

म्हणजे मेहनत प्रोफेशनल आणि मोबदला हौशी. इथे माझा जीव अडकतो.

कारण मी २००४ मध्ये एकवीस वर्षांची होते, डावा कोपरा खेळायचे. पुण्याजवळच्या एका गावात निमंत्रित स्पर्धा होती, हॅलोजन लावून रात्रीचे सामने, मातीचं मैदान, पाणी नीट मारलेलं नव्हतं. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा मी धरला, पकड चांगली बसली होती, आणि मागून आमच्याच मधल्या दोघी तिच्यावर पडल्या त्यांचं सगळं वजन माझ्या गुडघ्यावर आडवं आलं. टक्क असा आवाज आला, मला आधी वाटलं कोणाची तरी बांगडी फुटली. स्टेजवर पुढाऱ्यांचे फ्लेक्स होते, पुरुषभर उंचीची ढाल होती, साऊंड सिस्टीम होती, आणि डॉक्टर नव्हता. स्ट्रेचर नव्हतं. मला शाळेच्या बाकावर आडवं घालून चौघांनी बाहेर आणलं. बर्फ कुठून आणला माहितीये, शेजारच्या रसवंतीवाल्याने लादीवरचा तुकडा फोडून टॉवेलात बांधून दिला, त्यात उसाचे चोथे होते. तो माणूस मला आजही आठवतो. आयोजकांपैकी कोणी नंतर फोनसुद्धा केला नाही. लिगामेंट तुटलं होतं, ऑपरेशनला बाबांनी पीएफमधून पैसे काढले, मंडळाने वर्गणी काढली, आणि आमचे सर सहा महिने रोज स्कूटरवर मला फिजिओकडे घेऊन जायचे. पुढच्या महिन्यात राज्याची निवड चाचणी होती, ती गेली ती गेलीच.

हौसेला मोल नसतं, असं आपल्याकडे किती कौतुकाने म्हणतात. पण हौसेचं बिल कोणीतरी भरतंच ना, आणि ते नेहमी खेळणाऱ्याच्याच घरात येतं.

म्हणून मला जीएएच्या इतिहासातला सगळ्यात आवडलेला भाग फायनल-बियनल नाही, कॉर्कचा संप आहे. माझ्या भाच्याचंच कॉर्क. २००२ च्या शेवटी तिथले हर्लिंगचे खेळाडू संपावर गेले. पगार मागितला नाही त्यांनी. डॉक्टरची नीट सोय करा, जिमची करा, प्रवासाची करा, आम्हाला माणसासारखं वागवा, एवढंच. लोकांनी नावं ठेवली असणारच, गावासाठी खेळता आणि संप कसला करता म्हणून. पण त्यांचं ऐकावं लागलं. आणि तीच पिढी २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोन वर्षं ऑल आयर्लंड जिंकली. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याला ते माहीतच नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी झाल्या तिकडे. खेळाडूंची स्वतःची संघटना तर त्याआधीच, १९९९ पासून आहे. हर्लिंगमध्ये २०१० पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं, त्याआधी मोठी माणसं उघड्या डोक्याने त्या काठ्यांमध्ये घुसायची. अल्पवयीनांचा गट अठराखालचा होता तो २०१८ मध्ये सतराखालचा केला, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्या वर्षात पोरांवर कमी ताण. २०२२ पासून सीझनचे दोन भाग केले, जुलैपर्यंत काउंटी आणि त्यानंतर क्लब. आधी क्लबचे साधे खेळाडू उन्हाळाभर ताटकळत बसायचे, काउंटीची टीम हरेपर्यंत यांची मॅच कधी ते कोणी सांगू शकायचं नाही, ना सुट्टीचं तिकीट काढता यायचं ना लग्नाची तारीख धरता यायची. यावर तिकडे अजून भांडणं चालू आहेत, फायनल सप्टेंबरमधून जुलैत आल्यामुळे खेळ लोकांच्या डोळ्यासमोरून लवकर जातो असं बऱ्याच जणांचं म्हणणं. मला विचाराल तर प्रसिद्धी थोडी कमी झाली तरी चालेल, खेळाडूला स्वतःचं वर्ष कसं जाणार हे कळलं पाहिजे.

फुटबॉलचे नियम पण २०२५ मध्ये बदलले. जिम गॅविन, ज्याच्या हाताखाली डब्लिनने लागोपाठ पाच वेळा ऑल आयर्लंड जिंकली, त्याच्या समितीने. आधी सगळेच्या सगळे मागे येऊन बसायचे आणि बॉल आडवा फिरवत राहायचे, आता प्रत्येक टीमचे तीन जण कायम पुढच्या अर्ध्यात पाहिजेत, आणि ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलं तर दोन पॉइंट. खेळ एकदम सुटला म्हणे. आपल्याकडे कबड्डीत तीस सेकंदांची चढाई आणि करो या मरो आल्यावर झालं तसंच काहीसं.

जे मला पटत नाही ते पण सांगते. मॅनेजर लोकांना टेबलाखालून पैसे दिले जातात ही गोष्ट तिकडे उघड गुपित आहे, २०१२ मध्ये जीएएने स्वतःच त्यावर एक चर्चेचा मसुदा काढला होता. म्हणजे रेषेबाहेर उभा राहणाऱ्याला गुपचूप पैसे आणि आत धावणाऱ्याला गावाची शान! आणि बायकांचं बघा. कॅमोगी म्हणजे बायकांचं हर्लिंग, त्यांची संघटना वेगळी, १९०४ पासूनची. या पोरींना स्कर्टसारखा स्कॉर्ट घालूनच खेळायची सक्ती होती, साधी शॉर्ट्स चालायची नाही, पंच खेळू द्यायचे नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात खेळाडूंनी आवाज उठवला तेव्हा कुठे मतदान होऊन शॉर्ट्सची मुभा मिळाली. २०२५! सरकारी अनुदान बायकांना पुरुषांएवढं झालं ते पण २०२१ मध्ये.

मग आपण प्रोफेशनल झालो ते बरं की वाईट? माझं उत्तर सरळ आहे, बरंच झालं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, आपल्या खेळातली पोरं लिलावात कोटीच्या वर जायला लागली, मी आनंदाने रडले होते. पुणेरी पलटण २०२४ मध्ये चॅम्पियन झाली तेव्हा आमच्या अख्ख्या मंडळाने गुलाल उधळला. पण ती लीग पुरुषांची. आणि लीगच्या खाली जी हजारो मंडळं आहेत ती होती तिथेच आहेत, मॅट आली एवढाच फरक. आपल्याकडे खेळाडूला आधार म्हणजे सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, नाहीतर रेल्वे, पोलीस. त्यात राज्याचं, देशाचं सर्टिफिकेट लागतं. जिचा गुडघा त्याच्या आधीच गेला तिच्यासाठी काही नाही.

मला आयर्लंडसारखं पण नको आणि नुसतं लीगसारखं पण नको. गावासाठी, पेठेसाठी, मंडळासाठी खेळण्यात जे आहे ते पैशाने येत नाही हे मी शपथेवर सांगेन. फक्त जो तुमच्या नावाची जर्सी घालून अंगाची माती करतो, त्याचा दवाखाना, त्याचा प्रवास आणि त्याचा वेळ ही तुमची जबाबदारी आहे, ती घेता येत नसेल तर स्पर्धा भरवू नका आणि ढाल पण उंच करू नका.

भाचा ऑगस्टमध्ये परत गेला. त्यानंतर मी मंडळात एक वही घातली. संध्याकाळी माझ्याकडे सतरा मुली येतात, प्रत्येकीच्या नावापुढे लिहायचं की या आठवड्यात शाळेकडून किती खेळलीस, आमच्याकडे किती, जिल्ह्याच्या शिबिरात किती. पहिल्याच आठवड्यात कळलं की आमची एक चढाईपटू, नववीतली, सात दिवसांत अकरा सामने खेळली होती आणि गुडघ्याखाली दुखतंय हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर बसवतील. रविवारी स्पर्धा होती, तिला नेलं नाही. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. परवा आली, वही मागितली, आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'दुखणं कमी, अजून थोडं आहे, ताई.'