अंगठ्यापर्यंतची कळ

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. गेल्या वर्षी जानेवारीत कापणीला मजूर कमी पडले, म्हणून मीही घड वाहायला लागलो. पंचवीसेक किलोचा घड खांद्यावर घेऊन वळलो आणि कमरेतून निघालेली कळ पोटरीच्या बाहेरून थेट डाव्या अंगठ्यापर्यंत गेली. पुढचे तीन महिने गोळ्या, पट्टा, ओळखीतल्या एकाकडून मणका 'बसवून' घेणं, सगळं झालं. मग चालताना डावा पंजा उचलेना, चप्पल घासायला लागली, तेव्हा जळगावला जाऊन एमआरआय काढला. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबली गेली होती. एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं. पंजा असा लुळा पडायला लागला तर अंगावर काढू नका. आणि लघवी अडली तर त्याच रात्री दवाखाना गाठा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

शुद्धीवर आलो तेव्हा पायातली कळ गेलेली होती. मला वाटलं, सुटलो. सहा आठवडे वाकणं, पिळणं, वजन उचलणं बंद. कुशीवर वळून, पाय खाटेखाली सोडून, हाताच्या रेट्याने उठायचं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन, त्यामुळे पहाटेच चालून यायचो.

जूनमध्ये फिजिओथेरपिस्ट ताईंनी उताणं झोपवून, गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलला. निम्म्यातच मांडीमागची शीर दोरासारखी ताठ झाली. मग त्यांनी उजवा, कधीच न दुखलेला पाय उचलला. तोही तिथेच अडला. "भाऊ, हे ऑपरेशनचं नाही, वीस वर्षांचं आहे." मांडीमागचे स्नायू बसायच्या हाडाला जोडलेले असतात. ते आखडले की खुबा पुरता फिरत नाही आणि वाकण्याचा सगळा भार कमरेच्या मणक्यांवर येतो. इतकी वर्षं मी पाठीलाच दोष देत होतो!

आईने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. ती तळव्याला अडकवून पाय सावकाश वर घ्यायचा, तीस सेकंद धरायचा, श्वास चालू ठेवायचा. दोन्ही पाय, तीन-तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. एकदा घाई केली, हिसका दिला, तर पोटरीत मुंग्या आल्या आणि चार दिवस सगळं थांबवावं लागलं. ताईंची खूण सोपी होती: ताण मांडीत जाणवला तर चालेल, मुंग्या पायाकडे उतरल्या की लगेच सोडायचं. पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता. मग एका सकाळी पट्टी हातभर जास्त आत आली.

पोळ्याला बैलांचे पाय धुवायचे होते. तांब्या घेऊन पाठ सरळ ठेवली, गुडघे थोडे मोडले, खुब्यातून वाकलो आणि खुरापर्यंत पोचलो. धरायला म्हणून बायको हात पुढे करून मागेच उभी होती. तिने हळूच हात मागे घेतला आणि दुसऱ्या बैलाचं दावं सोडायला गेली.