सिग्नल केबिन, अपडेट ३: छप्पर बसलं, खिडक्या परत कराव्या लागल्या

मंडळी, मिडलँडच्या (ब्रिटनची जुनी रेल्वे कंपनी) सिग्नल केबिनच्या मॉडेलचं छप्पर बसलं एकदाचं! डबल-ओ स्केल, म्हणजे खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये ४ मिमी. चारही बाजूंना उतार आणि टोकांना लाकडी कळस, ते टूथपिक घासून केलेत.

खिडक्यांनी मात्र तीन रविवार खाल्ले. मिडलँडच्या खिडक्यांचे वरचे कोपरे तिरके कापलेले असतात, लांबून केबिन ओळखायची खूण तीच, त्यामुळे ते टाळून चालणारच नव्हतं. अर्ध्या मिमीच्या पट्ट्या एकेक करून चिकटवल्या आणि सुपरग्लूच्या वाफेने आतली पारदर्शक शीट धुरकट झाली, अख्खी पुढची बाजू काढून टाकली. आता काचेला फक्त पांढरा गोंद, टाचणीच्या टोकाने.

मागच्या वेळी विचारलं होतं की खालचा मजला एवढा उंच कशाला. लांबवरची गाडी दिसावी म्हणून, हे आहेच, पण लिव्हरच्या (सिग्नल आणि रूळ हलवायचे दांडे) खाली इंटरलॉकिंग बसतं, म्हणजे एकमेकांशी न जुळणारे लिव्हर एकत्र ओढू न देणारी यंत्रणा, आणि तारा, रॉड तिथूनच बाहेर रुळांकडे जातात. इंटरलॉकिंगचं इंग्रज इंजिनिअर जॉन सॅक्सबीचं पेटंट १८५६ चं, पण ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर ते सक्तीचं झालं १८८९ ला, आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीच्या गाडीचा भीषण अपघात झाला त्यानंतर. मिडलँडवाले तर डर्बीच्या कारखान्यात लाकडी पॅनल तयार करून जागेवर नुसते जोडायचे. मीही तसेच, भिंती आडव्या ठेवून पूर्ण केल्या, मग उभ्या केल्या.

पुढची एलएमएसची (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे) दुसऱ्या महायुद्धातली केबिन. बॉम्बच्या धक्क्यासाठी १४ इंची विटांची भिंत आणि वर सपाट काँक्रीट स्लॅब. आपल्या स्केलला ती भिंत साडेचार मिमीच्या थोडी वर येते, म्हणून ५ मिमी फोमबोर्ड घेतलाय, खिडकीच्या कडेला ती जाडी दिसली नाही तर सगळा जीवच जातो तिचा.

तिसरी बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट, १९६६. लिव्हर गेले, पॅनलवर बटणं आली, तारा ओढायच्या नाहीत की खिडकीतून गाडी बघायची नाही, मग इमारत झाली नालीदार काँक्रीटचा भलामोठा ठोकळा. बऱ्याच जणांना ती कुरूप वाटते, मला मनापासून आवडते, २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथलं सिग्नलचं काम थांबलं तेव्हा वाईट वाटलं. वारसा यादीत आहे म्हणून उभी तरी आहे. त्या नाल्यांसाठी खोक्याचा पुठ्ठा सोलून बघितला, फार जाड दिसतो. बिस्किटांच्या डब्यातला बारीक नालीचा कागद आणलाय, या रविवारी त्याच्यावर राखाडी प्रायमर मारून बघतो.