कस्टम्समध्ये अडकलेली घोरपड

पार्सलवर शास्त्रीय नाव लिहिलं की काय होतं, ते मला विचारा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी मेगालानियाच्या मणक्याची प्रतिकृती हवी होती. मेगालानिया म्हणजे ऑस्ट्रेलियातली नामशेष झालेली अवाढव्य घोरपड. काँडामाइन नदीच्या परिसरात सापडलेल्या मणक्यांवरून इंग्रज जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने १८५९ मध्ये तिचं नाव ठेवलं. अख्खा सांगाडा आजवर कुणालाच मिळालेला नाही, त्यामुळे लांबीचे अंदाज साडेतीन मीटरपासून सात मीटरपर्यंत काहीही. ब्रिस्बेनच्या मावसभावाने प्रतिकृती घेतली, पाठवली, पार्सल भारतात पोचलं. आणि तिथेच बसलं.

कारण पावतीवर छापलं होतं ‘वॅरॅनस प्रिस्कस’. मेगालानियाला आता बहुतेक अभ्यासक वॅरॅनस या प्रजातीत, म्हणजे आपल्या घोरपडीच्याच घरात धरतात. ही सगळी प्रजाती सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे आणि आपली घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. तेव्हा संशय येणं मी समजू शकतो. पुढचं मात्र नाही.

‘‘प्राण्याचा अवशेष आहे का?’’ नाही साहेब, रेझिन आहे. ‘‘मग नाव प्राण्याचं का?’’ वन्यजीववाल्यांची एनओसी आणा म्हणाले. तिकडे गेलो तर, ‘‘हा प्राणी आमच्या यादीत नाही. जो प्राणीच उरला नाही, त्याची एनओसी कशी देणार?’’ बरं, हेच कागदावर लिहून द्या. तर तेही देता येत नाही! परत इकडे. मधल्या काळात गोदामभाडं चढतंच होतं. कुरिअरच्या माणसाला फोन केला की तो एकच वाक्य म्हणायचा, ‘‘सर, क्वेरी पेंडिंग दिसतेय.’’ मी चिडून एकदा तिथल्या बाकावर बसून कस्टम्सच्या नावाने मनातल्या मनात जे काही म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी एका बाईंनी सांगितलं, ‘‘खोका उघडून बघायची विनंती लेखी द्या ना.’’ एवढं साधं! प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र, बनवणाऱ्याकडून ‘पॉलियुरेथेन रेझिन, प्राण्याचा कोणताही अंश नाही’ असं लेखी, आणि अर्ज. खोका उघडला. मणका तपकिरी, अगदी खऱ्यासारखा रंगवलेला. साहेबांनी खालच्या बाजूला ब्लेडने जरासं खरवडलं. आत पांढरंफेक प्लॅस्टिक, साच्याचा सांधा आणि हवेचा एक बुडबुडा. झालं! हसले आणि शेरा मारून मोकळे झाले.

तर पावतीवर पहिल्या ओळीत वस्तू कशाची आहे ते येऊ द्या, प्राण्याचं नाव त्याखाली. लपवू नका, फक्त खाली. शैक्षणिक मॉडेल असेल तर कस्टम्सच्या दरसूचीतलं ९०२३ हे शीर्षक लागू होतं का, ते आधीच विचारा. ९७०५ टाकलंत तर तो संग्राह्य वस्तूंचा वर्ग, म्हणजे खरं जीवाश्म असल्याचा समज आपणच करून दिल्यासारखं. खरं जीवाश्म मागवायच्या भानगडीत पडूच नका. ऑस्ट्रेलियातून ते बाहेर काढायला तिथला निर्यात परवाना लागतो.

एका गोष्टीचं समाधान आहे. खुद्द ओवेननेही एका शिंगवाल्या कासवाची कवटी याच घोरपडीची म्हणून खपवली होती. तेव्हा आमच्या साहेबांना तरी किती बोलणार?

आणि हो, पार्सल कॉलेजच्या नावे असेल तर केवायसीही कॉलेजचीच द्या. माझं आधार कार्ड तिथे काही कामाला आलं नाही.