नायजेरिया, झालं

जानेवारीत मी एक नवी वही काढली आणि तिच्यात रकाने आखले. पुस्तक, लेखक, देश, भाषा, संपल्याची तारीख आणि शेवटी एका ओळीचा अभिप्राय. वर्षभरात २४ कथा-कादंबऱ्या वाचायच्या, त्याही नेहमीची वाट सोडून, असा तो संकल्प होता. पट्टी घेऊन रेघा मारताना फार बरं वाटलं. वाचायला अजून सुरुवातही नव्हती, पण अर्धं काम झाल्यासारखं वाटत होतं.

या खटाटोपाचं कारण जरा लाजिरवाणं आहे. मी स्वतःला चौफेर वाचणारी समजत होते. डिसेंबरात सहज बसून मागच्या तीन वर्षांत काय काय वाचलं ते लिहून काढलं. ४३ पुस्तकं निघाली. त्यातली २९ ब्रिटिश नाहीतर अमेरिकी. मराठी ९, आणि त्या नवांपैकी बहुतेकांतली माणसं माझ्यासारखीच, माझ्यासारख्याच घरात घुसमटणारी. उरलेली पाच रशियन आणि फ्रेंच. आफ्रिका खंडातलं एकही नाही, अरबीतलं एकही नाही. ४३ पैकी ३१ पुस्तकांचे लेखक पुरुष. यादी खोटी ठरावी म्हणून मी दोनदा कपाट तपासलं.

मग नियम केले. एका देशाचं एकच पुस्तक. निम्म्या लेखिका हव्यात. निदान सोळा पुस्तकं अनुवादित हवीत. मराठीतली घ्यायची तर माझ्याहून वेगळं आयुष्य जगलेल्या माणसांनी लिहिलेली. पन्नास पानांच्या आत सोडून दिलं तर चालेल, त्यानंतर मात्र पूर्ण करायचं. शेवटचा नियम मी का केला ते आता आठवत नाही, पण वर्षभर सगळ्यात जास्त त्रास त्यानेच दिला.

फेब्रुवारीत चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ घेतली. १९५८ची, आफ्रिकेतल्या आधुनिक कादंबऱ्यांपैकी बहुधा सर्वांत जास्त वाचली गेलेली. सुरुवातीला नावांनीच घाम काढला. ओकोंक्वो लक्षात राहतो, नायकच आहे. पण एक्वेफी त्याची कितवी बायको, एझिन्मा कोणाची मुलगी, ओबिएरिका मित्र की भाऊबंद? एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मी वंशावळ काढली आणि तेच पाकीट खूण म्हणून पुस्तकात घातलं. माझ्या प्रतीच्या शेवटी इग्बो या तिथल्या भाषेतल्या शब्दांचे अर्थ दिले होते. पहिली साठ पानं मी दर दोन मिनिटांनी मागे उलटत होते. नंतर कंटाळा आला आणि ते सोडलं, तर काही अडलं नाही. शब्द दोन-चारदा भेटला की आपोआप ओळखीचा होतो. लहानपणी आपण मराठी कादंबऱ्या तरी कुठे शब्दकोश घेऊन वाचल्या होत्या?

पुस्तक संपलं. वहीत देशाच्या रकान्यात लिहिलं ‘नायजेरिया’, अभिप्रायात लिहिलं ‘वसाहतवादाने गावाची घडी कशी विस्कटली याचं प्रभावी चित्रण’ आणि समोर बरोबरची खूण केली. झालं.

अशी मे महिन्यापर्यंत नऊ पुस्तकं झाली. मी खूश होते, थोडी फुशारलेही होते. फोनवर ताईला सांगत होते की कोरिया झालं, सेनेगल राहिलंय, सुदान पुढच्या आठवड्यात. ताई माझ्या दुप्पट वाचते, पण यादी-बिदी तिला जमत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, तू पुस्तकं वाचतेयस की पासपोर्टवर शिक्के मारून घेतेयस? कोरियाचं पुस्तक कसं होतं ते सांग ना.”

ते पुस्तक म्हणजे हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’. मूळ कोरियन पुस्तक २००७चं, डेबोरा स्मिथ यांच्या इंग्रजी अनुवादाला २०१६ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं आणि २०२४ साली हान कांग यांना नोबेल. हे सगळं मी ताईला घडाघडा सांगितलं. एक बाई मांस खाणं सोडते आणि घरात हलकल्लोळ होतो, हेही सांगितलं. “म्हणजे कोरियन कुटुंबात बाईवर किती दडपण असतं ते कळतं,” असं मी शेवटी म्हटलं.

“ते कळायला कादंबरी कशाला हवी?” ताई म्हणाली.

मला राग आला. फोन ठेवल्यावर तो राग घेऊनच मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि पहिल्या वाचनात हातातून निसटलेली गोष्ट दिसली. पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला नवरा सांगतो, दुसरा बहिणीच्या नवऱ्याच्या नजरेने येतो, तिसरा बहिणीच्या. जिच्याबद्दल हे सगळं चाललंय त्या योंग-ह्येला स्वतःचं असं काही बोलायला मिळतं ते फक्त स्वप्नांच्या तुटक तुकड्यांत. सगळे तिच्याविषयी बोलतात. तिला कोणी तिचं सांगू देत नाही, आणि कादंबरीही मुद्दाम देत नाही. हे कोरियाबद्दलचं नव्हतं, कादंबरी कशी रचली आहे याबद्दलचं होतं. मी देशाची माहिती टिपण्यात इतकी गुंतले होते की हे माझ्या समोरून निघून गेलं.

मग अचेबे पुन्हा काढलं. नुसतं शेवटचं प्रकरण. (ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) ओकोंक्वोने गळफास घेतलेला आहे. इतका वेळ आपण त्याच्यासोबत आहोत. त्याच्या तापटपणाचा राग आलाय, त्याला बाप म्हणणाऱ्या पोराच्या खुनात त्यानेही हात घातला तेव्हा पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलंय. आणि अगदी शेवटी अचेबे आपल्याला गोऱ्या जिल्हा अधिकाऱ्याच्या डोक्यात नेऊन सोडतात. तो स्वतः एक पुस्तक लिहिणार आहे. चालता चालता विचार करतो, या माणसाची गोष्ट वाचनीय होईल, एखादं प्रकरणसुद्धा लिहिता येईल. मग म्हणतो, प्रकरण नको, एखादा बरासा परिच्छेद पुरे. इतर मजकूर पुष्कळ आहे, काटछाट करायलाच हवी. पुस्तकाचं नाव मात्र त्याने आधीच पक्कं केलेलं असतं.

मी वही उघडली. माझी तर एकच ओळ होती. त्या साहेबाने निदान परिच्छेद तरी देऊ केला होता.

तेव्हापासून देशाचा रकाना मी भरला नाही. त्याऐवजी अनुवादकाचं नाव लिहू लागले आणि अभिप्रायाच्या जागी पुस्तकातली एखादी जागा. ती जागा सापडली नाही तर पुस्तक झालं असं म्हणायचं नाही.

गोष्टी एकदम सुधारल्या असं मात्र नाही. जूनमध्ये एका छोट्या देशातली कादंबरी हाती आली. नाव सांगत नाही. पसरट होती, पात्रं भाषणं ठोकत होती, आणि दर दहा पानांनी कोणीतरी क्षितिजाकडे बघत होतं. हीच कादंबरी इंग्लंडमधली असती तर मी चाळिसाव्या पानावर सोडली असती. इथे मात्र ‘त्यांची कथनाची परंपरा वेगळी असेल’ अशी स्वतःची समजूत घालत मी पन्नासची हद्द ओलांडली, आणि मग माझ्याच नियमाने अडकले. तीनशे पानं ओढत नेली. संपल्यावर वहीत लिहिलं: ‘आवडली नाही. वाईट लिहिली आहे.’ लिहिताना हात अडखळला, पण ते लिहिल्यावर पहिल्यांदा त्या लेखकाला मी बरोबरीने वागवल्यासारखं वाटलं. सांभाळून घेणं हेही तुच्छ लेखणंच असतं.

एक खरी अडचण मात्र राहतेच. नावडलं तर त्या देशाचं दुसरं पुस्तक घ्यावं, तर पुष्कळदा अनुवादात दुसरं नसतंच. अ‍ॅन मॉर्गन या ब्रिटिश लेखिकेने २०१२ साली जगातल्या प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायला घेतलं, तेव्हा साओ टोमे आणि प्रिन्सिपी या देशाचं इंग्रजीत वाचायला काही मिळेना. शेवटी काही स्वयंसेवकांनी तिच्यासाठी एक पोर्तुगीज पुस्तक वाटून घेऊन अनुवादित केलं. मी काही तिथवर जाणार नव्हते. पण एका पुस्तकावरून एका देशाचं लेखन जोखू नये इतकं त्यावरून लक्षात आलं.

वर्षातली सगळ्यात मजेची गाठ पडली ती पावसाळ्यात, आणि ती माझ्या यादीत नव्हती. सुदानी लेखक तय्यब सालिह यांची ‘सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ’ वाचत होते. मूळ अरबी, १९६६ची. अनुवाद डेनिस जॉन्सन-डेव्हिस यांचा. इंग्लंडमध्ये सात वर्षं शिकून एक तरुण नाईलकाठच्या आपल्या गावात परत येतो. सगळं होतं तसंच आहे म्हणून त्याला हायसं वाटतं, आणि तेवढ्यात गर्दीत एक अनोळखी चेहरा दिसतो. तिथून जमीन सरकायला लागते.

हे वाचताना सारखं वाटत होतं की असं परतणं मी कुठेतरी पाहिलंय. कपाटात शोधलं. हमीद दलवाईंची ‘इंधन’. कित्येक वर्षं घरात पडून होती आणि मी ती चाळून ठेवली होती. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला माणूस, श्रद्धेपासून लांब गेलेला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत गावातल्या हिंदू-मुसलमानांमधला ताण पेटत जातो. ‘इंधन’ १९६५ची. दोन कादंबऱ्यांमध्ये एका वर्षाचं अंतर! दोन्हींत परत आलेल्या माणसाला सगळं दिसतं आणि हातून काहीच होत नाही. दोघांनी एकमेकांचं वाचलं असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या आठवड्यात मी दोन्ही पुस्तकं उशाशी ठेवून आलटून पालटून वाचली. सुदान समजून घ्यायला निघाले आणि आपल्याच कपाटातलं न वाचलेलं पुस्तक सापडलं. मग त्याच्या शेजारचं बाबुराव बागूल यांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ काढलं. ते १९६३पासून छापलेलं आहे, मला ते उघडायला इतकी वर्षं लागली. त्याबद्दल इथे दोन ओळींत लिहिणार नाही, पुन्हा त्या साहेबाची आठवण होईल.

ऑक्टोबर आला तेव्हा पंधराच पुस्तकं झाली होती. मग मी सरळ लबाडी सुरू केली: बारीक पुस्तकं निवडायची. सेनेगलच्या मारियामा बा यांची ‘सो लाँग अ लेटर’ शंभरेक पानांचीच आहे, म्हणून घेतली. एका बैठकीत संपेल असा हिशेब होता. नऊ दिवस लागले.

१९७९ची, मूळ फ्रेंच. नवरा वारल्यावर शोकाच्या काळात घरात बसलेली रामातुलाये आपल्या मैत्रिणीला लांबलचक पत्र लिहिते, तेवढीच कादंबरी. त्यातल्या एका प्रसंगावर मी तीन दिवस अडकले. काही वर्षांपूर्वी एकदा तिच्या घरी तीन माणसं येतात. दीर, इमाम आणि नवऱ्याचा मित्र. ठेवणीतल्या कपड्यांत, अवघडलेली. ते काहीतरी गोल गोल बोलतात, देव, नशीब वगैरे. तिला वाटतं घरातल्या कोणाचं बरंवाईट झालं. मग हळूहळू उलगडतं की नवऱ्याने त्याच दिवशी दुसरं लग्न केलंय, आणि पंचवीस वर्षांच्या संसाराबद्दल त्याने तिचे आभार कळवलेत! बाई आतून कोसळते. पण या पाहुण्यांना आपलं दुःख बाहेर जाऊन सांगायचं सुख मिळू द्यायचं नाही, म्हणून ती हसते, त्यांचे आभार मानते, त्यांना प्यायला देते. दार लागेपर्यंत.

हे मी ताईला फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “पुन्हा एकदा वाच.”

३१ डिसेंबरला मोजली तर १९ पुस्तकं झाली होती. लेखिका दहा, म्हणजे निम्म्याहून जास्त. अनुवादित अकराच, सोळाचा नियम मोडला. शेवटची पाच घरं कोरी राहिली. एकोणिसावं होतं इजिप्तच्या नगीब महफूझ यांचं ‘पॅलेस वॉक’, पाचशे पानांचं, वर्षाच्या टोकाला कोणी शहाणा माणूस असलं पुस्तक हातात घेत नाही. पण पहिल्याच पानाने धरून ठेवलं. मध्यरात्री अमीना उठते. गजराविना, रोजच्या सवयीने, कारण नवरा आता मौजमजा करून परतेल आणि जिन्यात दिवा धरायला हवा. ही बाई एकदा, फक्त एकदा, त्याला न विचारता घराबाहेर पडते, जवळच्या मशिदीत जाते आणि परतताना मोटारीचा धक्का लागून खांद्याचं हाड मोडून घेते. नवरा ती बरी होईपर्यंत वाट बघतो आणि मग तिला माहेरी पाठवून देतो. बरी होईपर्यंत थांबला, हे मला विसरता येत नाही.

एका देशाचं एकच पुस्तक, असा नियम होता. १ जानेवारीला सकाळी मी त्याच मालिकेतलं दुसरं पुस्तक, ‘पॅलेस ऑफ डिझायर’, उघडलं. मधे काही वर्षं गेली आहेत, घर तेच आहे. नव्या वर्षाची वही अजून आखलेली नाही.