पाटचारीतल्या गोगलगायी

दिवाळीनंतर आमच्या म्हशीच्या जबड्याखाली पिशवीसारखी सूज उतरली. दूध निम्म्यावर, शेण पातळ. "काय व्हयनं रे भाऊ हिले?" माय रोज विचारायची. डॉक्टरांनी शेण तपासायला नेलं, त्यात यकृतातल्या चपट्या कृमीची अंडी निघाली. औषध पाजलं, सूज ओसरली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

या खेपेला डॉक्टर गोठ्यात थांबलेच नाहीत, थेट पाटचारीवर आले. गिरणा नदीच्या पाटाचं पाणी झिरपून आमच्या बांधाशी डबकं साचतं. म्हैस तिथंच पाणी प्यायची, काठचं ओलं गवत खायची. त्यांनी शेवाळातून पातळ कवचाच्या चार गोगलगायी काढून माझ्या हातावर ठेवल्या. शेणातली अंडी पाण्यात फुटतात, अळी गोगलगायीत शिरते, तिथं एकीच्या शेकडो होतात, बाहेर पडून गवताला चिकटतात आणि गवताबरोबर म्हशीच्या पोटात. म्हणजे औषधाला पैसे मोजत मी रोग बांधावर पाळत होतो!

गोगलगायी मारायला मोरचूद टाकू का, विचारलं. "मासे मरतील, आणि तेच पाणी जनावर पिणार," डॉक्टर म्हणाले. मग हिंगणबेटाचं फळ आठवलं. आजी त्याच्या गराने लुगडी धुवायची. इथिओपियात १९६४ साली शास्त्रज्ञ अक्लिलू लेम्मा यांना असंच दिसलं होतं: बायका एंडोड नावाच्या झुडपाच्या फळांनी कपडे धूत, त्या जागेच्या खालच्या प्रवाहात गोगलगायी मरून पडलेल्या. फेस आणणारं सॅपोनिन दोन्ही फळांत असतं. मी पाटीभर हिंगणं ठेचून डबक्यात कालवली. दुसऱ्या दिवशी गोगलगायी निपचित होत्या. पण बारके मासेही पालथे पडले. तेही सॅपोनिननेच मरतात, हे मी आधी विचारायला हवं होतं. महिन्याभरात आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी सोडायची पाळी, सुटलं आणि पाण्याबरोबर नव्या गोगलगायी हजर. गोगलगायी खायला बदकंही आणली होती, ती कुत्र्यांनी नेली.

शेवटी कामी आलं ते फावडं. चर खोदून डबकं वाहतं केलं, शेवाळ ओढून उन्हात टाकलं, आवर्तन बंद असताना चारी कोरडी होऊ दिली. चिखलात काही तग धरतात, म्हणून दर वेळी पुन्हा बघतो. म्हशीला हातपंपाचं पाणी उंच हौदात. काठचं गवत तोडत नाही. शेण खड्ड्यात कुजवतो, तिथल्या उष्णतेने अंडी मरतात.

यंदा दिवाळीनंतरचा नमुना स्वच्छ आला. वरच्या शेतातल्या नानांची म्हैस मात्र अजून चारीवरच पाणी पिते.